आईच्या दुधातली ज्वालारोधक रसायनं मोजताना: बरणीपासून आकड्यापर्यंत

१० ग्रॅम दूध घेतलं तर त्यात स्निग्धांश निघतो साधारण ३५० मिलिग्रॅम. त्या ३५० मिलिग्रॅममध्ये शोधायचं असतं ते जेमतेम एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. आणि नेमकं तेच रसायन खुर्चीच्या जुन्या फोममध्ये किंवा मॉनिटरच्या कवचात वजनाच्या काही टक्के इतकं असू शकतं. तिथून ते धुळीत उतरतं, धूळ हातावर बसते आणि हात बरणीला लागतो. या कामातला सगळा मनस्ताप या दोन प्रमाणांतल्या फरकात आहे.

नव्याने आलेल्या माणसाला वाटतं की खरी कसोटी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंना वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मशीनवर, लागते. माझा अनुभव उलटा आहे. मशीनपाशी बसायच्या आधीच निकाल बहुतेक ठरून गेलेला असतो. दुधाचा पहिला नमुना हातात घेण्याआधी स्वतःची प्रयोगशाळा मोजावी लागते, आणि या लेखात मी सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवणार आहे. लेख सूक्ष्म प्रमाणातल्या विश्लेषणाचा थोडाफार हात बसलेल्यांसाठी आहे. घरी करता येईल अशी ही चाचणी नाही.

काय शोधायचं ते आधी ठरवा

‘ज्वालारोधक’ हे एका रसायनाचं नाव नाही. दुधाच्या संदर्भात बहुतेकदा सुरुवात होते ती पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर्सपासून, म्हणजे पीबीडीईपासून. या रेणूवर ब्रोमीनचे एक ते दहा अणू वेगवेगळ्या जागी बसू शकतात, त्यामुळे एकूण २०९ प्रकार होतात. त्यांना कंजेनर म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. तापल्यावर ब्रोमीन सुटतो, ज्वाळेतल्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल फ्री रॅडिकल्सना पकडतो आणि जळण्याची साखळी तुटते. फोम किंवा प्लॅस्टिकमध्ये हे पदार्थ फक्त मिसळलेले असतात, रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. म्हणून ते हळूहळू बाहेर येतात.

बाजारात तीन मिश्रणं होती. पेंटा मुख्यतः पॉलियुरेथेन फोमसाठी, ऑक्टा एबीएस प्लॅस्टिकसाठी आणि डेका टीव्हीची कवचं व कापडाच्या मागच्या लेपासाठी. टिकाऊ प्रदूषक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत टेट्रा ते हेप्टा (चार ते सात ब्रोमीनचे) हे प्रकार २००९ मध्ये आले, एचबीसीडी हा दुसरा ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक २०१३ मध्ये, डेका २०१७ मध्ये आणि डिक्लोरेन प्लस हा क्लोरीनयुक्त ज्वालारोधक २०२३ मध्ये. यादीत आलं म्हणजे घरातून गेलं असं नाही. सोफा पंधरा-वीस वर्षं टिकतो.

किमान यादी म्हणून मी पीबीडीईचे हे कंजेनर, म्हणजे बीडीई-२८, ४७, ९९, १००, १५३, १५४, १८३ आणि २०९ धरतो. पहिले सात एका घरातले समजा. २०९ मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. त्याला वेगळा कॉलम (रसायनं एकमेकांपासून वेगळी करणारी नळी), वेगळी काळजी आणि वेगळा संयम लागतो. पहिल्याच वर्षी सगळं एकदम मोजायला जाऊ नका. आधी सात बसवा, मग २०९, मग एचबीसीडी.

आई, संमती आणि बरणी

नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती याशिवाय एक थेंबही घ्यायचा नाही. संमतीपत्रात एक गोष्ट स्पष्ट हवी: वैयक्तिक निकाल आईला कळवणार की नाही, आणि कळवणार असाल तर सोबत समजावून सांगायला कोण असेल. हे मागाहून ठरवू म्हटलं की ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणांची पद्धत चांगला आधार देते. पहिलटकरीण, निरोगी, एकाच बाळाला पाजणारी आई निवडायची आणि प्रसूतीनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात दूध घ्यायचं. पहिलटकरीणच का? चरबीत साठलेली अशी रसायनं आधीच्या बाळंतपणात दुधावाटे काही प्रमाणात निघून गेलेली असतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या आईशी तुलना गोंधळात टाकते. त्या पद्धतीत प्रत्येकीकडून किमान ५० मिलीलिटर दूध घेऊन ५० जणींचं समभाग मिश्रण करतात. देशाचा किंवा प्रदेशाचा कल पाहायला मिश्रण स्वस्त आणि चांगलं. पण मिश्रण टोकं झाकतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेक्सासमधल्या ४७ मातांच्या अभ्यासात स्निग्धांशाच्या दर ग्रॅममागे पीबीडीईची बेरीज ६.२ पासून ४१९ नॅनोग्रॅमपर्यंत होती, मध्यक होता ३४. जवळजवळ सत्तर पटींचा हा पसारा मिश्रणात एका आकड्यात विरघळून गेला असता.

दूध घेताना बाळाचं पोट आधी. पाजून झाल्यावर उरलेलं घ्या किंवा दोन-तीन वेळांचं थोडं थोडं जमवा, पण सगळ्या मातांकडून एकाच पद्धतीने. पाजण्याच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटचं घट्ट. स्निग्धांशावर हिशेब केला की हा फरक बराचसा सांभाळला जातो, पण सगळा नाही.

हाताने पिळून थेट काचेच्या बरणीत घेणं सर्वांत उत्तम. पंप वापरायचाच असेल तर सगळ्यांना एकाच प्रकारचा द्या आणि त्याच्या नळ्या आधी तपासा. आईने हात साबणाने धुवावेत, स्तन साध्या पाण्याने, आणि त्या वेळी मलम, तेल काहीही लावू नये. बरणीचं झाकण उलटं करून गादीवर ठेवायचं नाही. ही सूचना हास्यास्पद वाटते, पण एकदा पाहणी करताना तेच होताना पाहिलं. गादीचा फोम म्हणजे आपलाच शत्रू.

प्रत्येक फेरीत निदान एका घरी फील्ड ब्लँक घ्या: स्वच्छ केलेल्या बरणीत प्रयोगशाळेतलं तपासलेलं पाणी न्यायचं, दूध घेतात तितकाच वेळ तिथे उघडं ठेवायचं, पंप असेल तर त्यातून काढायचं आणि परत आणायचं. दूध त्याच दिवशी बर्फात ठेवून हलवा आणि उणे २० अंशांवर गोठवा. गोठवण्याची सोय नसेल तिथे पोटॅशियम डायक्रोमेटची गोळी टाकण्याची पद्धत आहे. ती विषारी आहे, म्हणून अशी बरणी आईच्या घरी क्षणभरही ठेवायची नाही. गोळी नमुना आपल्या ताब्यात आल्यावरच पडते.

प्रयोगशाळा आधी मोजा

आता मुख्य भाग. दूध न घालता, बाकी सगळं अगदी दूध असल्यासारखं करून पाहणं म्हणजे प्रोसीजर ब्लँक. तेच ईथर, तीच सिलिका, त्याच व्हायली, तोच माणूस. असे सलग सात ब्लँक चालवा आणि त्यांचे आकडे कागदावर लिहून काढा. हे सात आकडे स्थिर येईपर्यंत दूध वितळवायचं नाही.

आमच्याकडे सुरुवातीला बीडीई-२०९ चा ब्लँक काही केल्या खाली येईना. सॉल्व्हंट (विरघळवणारी द्रवं) बदलली, सिलिका पुन्हा भाजली, काच पुन्हा धुतली. आकडे मात्र सोमवारी कमी आणि आठवड्याच्या शेवटी जास्त. शेवटी एका मुलीने हूडसमोरच्या गोल स्टुलाकडे बोट दाखवलं. वरचं रेक्झिन फाटलं होतं आणि बसलं की फटीतून पिवळट भुकटी उडत होती. स्टूल बाहेर काढलं, खोली ओल्या फडक्याने पुसली, आणि दोन आठवड्यांत ब्लँक निम्म्याहून खाली आला. तो फोम होता की त्यावर साचलेली इमारतीतली धूळ, ते आम्ही कधी वेगळं करून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

त्यानंतर आमच्याकडे काही नियम पक्के झाले. कामाच्या खोलीत फोमची एकही वस्तू नको. लाकडी किंवा धातूचं स्टूल. जुने संगणक आणि मॉनिटर बाहेर. झाडू नाही, ओलं फडकं. काचेची भांडी धुऊन ४५० अंशांवर चार तास भाजायची आणि वापरण्याआधी सॉल्व्हंटने खळाळायची. मापाचे फ्लास्क भाजायचे नाहीत, त्यांचं माप बिघडतं, त्यांना फक्त सॉल्व्हंट. भाजलेली भांडी उघडी न ठेवता ॲल्युमिनियम फॉइलखाली. सोडियम सल्फेट आणि सिलिकाही भाजलेलीच. सॉल्व्हंटची नवी बाटली उघडली की वापरणार त्याच्या दुप्पट प्रमाण आटवून एकदा मशीनवर घालून पाहा. नायट्रोजनची नळी कशाची आहे, तिला गाळणी आहे का, हे कोणी विचारत नाही, विचारा.

आणि उजेड. जास्त ब्रोमीन असलेले पीबीडीई अतिनील किरणांनी तुटतात. २०९ मधला एक ब्रोमीन गळाला की नोना (नऊ ब्रोमीनचा) तयार होतो, मग ऑक्टा (आठचा). म्हणजे एका रसायनाचा आकडा कमी होतो आणि दुसऱ्याचा खोटा वाढतो. तपकिरी काच वापरा, खिडकीवर आणि ट्यूबलाइटवर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा.

दूध वितळवणं, आणि तोलण्याआधी थोडं थांबणं

गोठलेली बरणी ३७ ते ४० अंशांच्या पाण्यात ठेवा. वितळल्यावर नीट पाहा: बरणीच्या खांद्याशी, दुधाच्या पातळीच्या जरा वर, पिवळसर कडं चिकटलेलं असतं. ते तूप आहे, आणि आपलं रसायन बहुतांशी त्याच्यातच आहे. बरणी हळुवार उलटसुलट करत ते पूर्ण दुधात परत मिसळेपर्यंत वजन करायचं नाही. घाई केली तर दुधाच्या वजनावरचा आकडा सरळ खाली येतो. स्निग्धांशावरचा आकडा तुलनेने वाचतो, कारण तूप आणि रसायन दोन्ही एकत्रच मागे राहतात. पण त्या भरवशावर राहू नका.

१० ग्रॅम दूध तोलून घ्या आणि लगेच इंटर्नल स्टँडर्ड घाला. म्हणजे ज्या रसायनांचा शोध आहे तीच, पण कार्बन-१३ ने बनलेली, मोजून घातलेली. पुढे गळती झाली, सांडलं, सिलिकात अडकलं, तर मूळ रसायन आणि खुणेचं रसायन सारख्याच प्रमाणात जाईल, हा त्यामागचा हिशेब. तो खरा ठरायचा तर खुणेचं रसायन दुधातल्या चरबीच्या कणांत मुरायला हवं. ते ॲसिटोनमध्ये थोड्याशा आकारमानात घालून, ढवळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर निदान एक तास.

स्निग्धांश काढणं

मी जुनीच द्रव-द्रव पद्धत वापरतो. १० ग्रॅम दुधाला ०.१ ग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट आणि १० मिलीलिटर इथेनॉल. ऑक्झलेटने कॅल्शियम बांधला जातो आणि इथेनॉलने प्रथिनं फाटतात, त्यामुळे चरबीच्या कणांवरचं आवरण सुटतं. मग ५ मिलीलिटर डायइथाइल ईथर घालून मिनिटभर हलवा, पुन्हा ५ मिलीलिटर हेक्झेन घालून मिनिटभर. थर वेगळे होत नसतील तर सेंट्रिफ्यूज करा. दुधात साबणासारखा फेसाळ मधला थर हमखास येतो आणि त्याच्याशी झटापट करून उपयोग नसतो. वरचा थर काढून घ्या आणि खालच्या थरातून ईथर-हेक्झेनच्या समभाग मिश्रणाने आणखी दोनदा काढा. सगळं एकत्र करून थोड्या पाण्याने धुवा, नाहीतर इथेनॉल मागे राहतं, आणि सोडियम सल्फेटमधून गाळा. फनेल हलवताना दर काही सेकंदांनी वाफ सोडा. ईथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि जुन्या बाटलीत पेरॉक्साइड तपासल्याशिवाय ती आटवू नका.

गोठवून सुकवून दाबाखाली सॉल्व्हंटने काढण्याची पद्धतही चांगली आहे, नमुने पुष्कळ असतील तर सोयीचीच. फक्त ते मशीनही ब्लँकमध्ये धरा.

आता आधीच तोललेल्या फ्लास्कमध्ये आटवून स्निग्धांशाचं वजन करायचं. इथे शिकाऊ लोक चुकतात, कारण ही पायरी साधी वाटते. वजन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर, दोन लागोपाठ वजनं जुळेपर्यंत. फार तापवायचं नाही, ४० अंश पुरे. जास्त तापवलं तर कमी ब्रोमीनचे कंजेनर, विशेषतः २८, उडू लागतात. आणि फ्लास्क बाहेरून पुसायला विसरू नका. ओला फ्लास्क म्हणजे फुकटचा स्निग्धांश.

तुम्हाला ऑरगॅनोफॉस्फेट ज्वालारोधकंही पाहायची असतील तर इथेच द्रावणाचा भाग बाजूला काढा. पुढच्या पायरीतलं आम्ल त्यांना गिळून टाकतं.

सफाई: काळ्या पट्ट्यावर नजर

३५० मिलिग्रॅम तूप जीसीमध्ये (गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) गेलं तर कॉलम संपला. पीबीडीईचं भाग्य असं की ते संहत सल्फ्युरिक आम्लाला दाद देत नाहीत, आणि तूप मात्र जळून कोळसा होतं. म्हणून आम्ल चढवलेली सिलिका वापरायची: ५६ ग्रॅम भाजलेल्या सिलिकात ४४ ग्रॅम संहत आम्ल थोडं थोडं घालून, गुठळ्या पूर्ण मोडेपर्यंत हलवायची. ठोकताळा असा की अशा एक ग्रॅम सिलिकामागे सुमारे ०.१ ग्रॅम तूप जातं. माझ्या ०.३५ ग्रॅमला चार ग्रॅम पुरायला हवी. मी आठ घेतो.

काचेच्या नळीत खाली काचलोकर, मग थोडी साधी सिलिका, वर आम्लाची, सर्वांत वर सोडियम सल्फेट. आधी हेक्झेनने धुवा, मग हेक्झेनमध्ये विरघळलेला नमुना घाला. वरून पिवळा, मग तपकिरी, मग काळा पट्टा खाली सरकताना दिसतो. तो आम्लाच्या थराच्या मध्यापर्यंत थांबला तर ठीक. तळाशी पोचला तर तूप जास्त झालं. पुढे न जाता गोळा झालेलं द्रावण दुसऱ्या ताज्या कॉलममधून पुन्हा काढा. हेक्झेन आणि डायक्लोरोमिथेनच्या समभाग मिश्रणाने सगळं खाली उतरवा, म्हणजे एचबीसीडीही सोबत येतं. द्रावण अजून पिवळसर असेल तर ॲल्युमिना किंवा फ्लोरिसिलचा छोटा कॉलम.

शेवटचं आटवणं नायट्रोजनच्या मंद झुळकीखाली, आणि तळाशी नोनेनचे दोन-चार थेंब ठेवून. पूर्ण कोरडं होऊ द्यायचं नाही. मशीनवर घालण्याआधी रिकव्हरी मोजण्यासाठीचं वेगळं स्टँडर्ड घाला. इंटर्नल स्टँडर्ड वाटेत किती हरवलं हे त्याच्याशी ताडून कळतं. मी ५० ते १२० टक्के मान्य करतो. २०९ साठी थोडी सवलत देतो, पण ती अहवालात लिहून.

जीसी-एमएस, आणि २०९ चे नखरे

उच्च विभेदनाचं मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर उत्तम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १६१४ ही पद्धत त्याच्यावरच उभी आहे. ट्रिपल क्वाड्रुपोलवरही चांगलं काम होतं. साधं सिंगल क्वाड असेल तर बहुतेक जण ऋण आयनीकरणाकडे, म्हणजे ऋणभारित आयन मोजण्याकडे, वळतात, कारण संवेदनक्षमता फार चांगली मिळते. पण तिथे एक खोच आहे. त्या पद्धतीत पाहिलं जातं ते सुटलेल्या ब्रोमाइडला, मास ७९ आणि ८१ वर. कार्बन-१३ चा रेणू असो की साधा, सुटणारा ब्रोमीन तोच. म्हणजे महागडं खुणेचं स्टँडर्ड तिथे आंधळं होतं. मग नमुन्यात नसणारे बीडीई-७७ किंवा फ्लोरीन घातलेले बीडीई इंटर्नल स्टँडर्ड म्हणून घ्यावे लागतात. २०९ अपवाद: त्याचा रेणू मधून तुटून मास ४८७ च्या आसपास तुकडा देतो आणि खुणेच्या २०९ चा तुकडा ४९५ च्या आसपास, त्यामुळे दोघं वेगळे ओळखता येतात.

५ टक्के फिनाइलचा कॉलम, १५ मीटर, ०.२५ मिलीमीटर, फिल्म ०.१ मायक्रोमीटर. लांब कॉलमवर २०९ जास्त वेळ गरम राहतो आणि ३०० अंशांच्या वर तुटायला लागतो. कमी ब्रोमीनवाल्यांचं विभाजन ३० मीटरवर अधिक सुबक होतं, म्हणून जमल्यास दोन वेगळ्या रन करा. रोज सकाळी एकटं २०९ चं स्टँडर्ड घाला आणि नोना कंजेनर, म्हणजे २०६, २०७, २०८, पाहा. स्टँडर्डमध्ये नसलेले ते दिसू लागले, किंवा २०९ च्या आधी टेकाडासारखी फुगवटी आली, की इंजेक्टरचा लायनर काढा. बहुधा आत तपकिरी डाग असतो. नवा लायनर घाला, कॉलमच्या तोंडाकडचे १०-२० सेंटीमीटर कापा, पुन्हा तपासा. बारा नमुन्यांच्या मध्यावर हे घडलं तर मधले सगळे पुन्हा.

पीक (पडद्यावरच्या आलेखातला सुळका) खरा कशावरून

ब्रोमीनचे दोन समस्थानिक जवळजवळ निम्मे-निम्मे असतात, ५०.७ आणि ४९.३ टक्के. म्हणून चार ब्रोमीनच्या बीडीई-४७ चा मूळ आयन एकटा येत नाही, पाच जणांचा ताफा येतो: मास ४८१.७ पासून दोन-दोनच्या अंतराने ४८९.७ पर्यंत, आणि उंची साधारण १:४:६:४:१. मेरुप्रस्तारातली पाचवी ओळच. पडद्यावर ती ओळ दिसली की मन निवतं. प्रत्यक्षात ४८३.७ आणि ४८५.७ यांचं गुणोत्तर ०.७० च्या १५ टक्के इकडेतिकडे, म्हणजे ०.६० ते ०.८१ मध्ये हवं. वेळ खुणेच्या स्टँडर्डशी जुळायला हवी आणि पीक गोंगाटाच्या निदान तिप्पट हवा. आकडा छापायचा तर दहापट.

बीडीई-१५४ बाबत सावध राहा. ५ टक्के फिनाइलवर तो बहुतेकदा पीबीबी-१५३ बरोबरच बाहेर येतो. हा पीबीबी (पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइल) म्हणजे १९७३ मध्ये मिशिगनमध्ये चुकून गुरांच्या खाद्यात मिसळल्या गेलेल्या ज्वालारोधकाचा मुख्य घटक. तो पुढे तिथल्या मातांच्या दुधातही सापडला. ब्रोमाइडवर पाहणाऱ्याला हे दोघं एकच वाटतात. मूळ आयन पाहणाऱ्याला वेगळे दिसतात: पीबीबी-१५३ चा ताफा ६२७.६ भोवती, बीडीई-१५४ चा ६४३.६ भोवती.

एचबीसीडी जीसीवर घालू नका. १६० अंशांच्या वर त्याचे अल्फा, बीटा, गॅमा प्रकार एकमेकांत बदलतात, म्हणून कोणता किती होता ते कळत नाही. एलसी-एमएस/एमएसवर (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) ऋण आयनीकरणात ६४०.६ पासून ७९ आणि ८१ कडे जाणारी जोडी पाहा. कारखान्यातल्या मालात गॅमा बहुसंख्य असतो, माणसाच्या दुधात बहुधा अल्फा. तुमच्या नमुन्यात गॅमाच भरभरून दिसला तर आधी शंका स्वतःच्या बाकावरच्या धुळीची घ्या.

हिशेब, एका नमुन्याचा

एका बॅचमध्ये मी बारा जागा धरतो: दोन ब्लँक, एक नियंत्रण नमुना, एक दुहेरी आणि आठ दुधाचे. नियंत्रणासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचे दुधाचे संदर्भ नमुने मिळतात, १९५३ हा नैसर्गिक आणि १९५४ हा वरून रसायनं घातलेला. ते महाग आहेत, म्हणून रोजच्यासाठी स्वतः गाईच्या दुधात रसायन घालून साठा करा आणि संदर्भ नमुना अधूनमधून चालवा.

आता समजा दूध १०.१२ ग्रॅम, स्निग्धांश ०.३५४ ग्रॅम, म्हणजे ३.५ टक्के. खुणेचं बीडीई-४७ घातलं २.०० नॅनोग्रॅम. मूळ आणि खुणेच्या पीकच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर ०.४६, सापेक्ष प्रतिसाद १.०२. तर ०.४६ गुणिले २.०० भागिले १.०२, म्हणजे ०.९०२ नॅनोग्रॅम. ब्लँकची सरासरी ०.०६०, प्रमाण विचलन ०.०१५, शोधमर्यादा सरासरी अधिक तीन विचलनं, म्हणजे ०.१०५. आपण तिच्या बरेच वर आहोत. ब्लँक वजा केला तर ०.८४२, त्याला ०.३५४ ने भागलं तर २.३८ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम स्निग्धांश. दुधाच्या वजनावर तोच आकडा ०.०८३.

आता तोच फ्लास्क नीट सुकला नव्हता आणि स्निग्धांश ०.४०० भरला असं धरा. उत्तर येतं २.११. मशीनने काहीही चूक केली नाही, तरी ११ टक्के गेले, केवळ ४६ मिलिग्रॅम ओलीपायी.

ब्लँक वजा करायचा की नाही यावर मतभेद आहेत. मी बीडीई-४७ सारख्या स्थिर ब्लँकसाठी करतो आणि २०९ साठी करत नाही, कारण तिथे ब्लँक उड्या मारतो. तिथे ब्लँकच्या तिपटीखालचा आकडा ‘मर्यादेखाली’ म्हणून देतो. काहीही करा, लिहा. मर्यादेखालच्या कंजेनरना शून्य धरून एक बेरीज आणि मर्यादाच धरून दुसरी बेरीज, अशा दोन द्या. दोन्हींत फार अंतर असेल तर ते अंतरच तुमच्या पद्धतीबद्दल खूप काही सांगतं.

आकडा कोणाच्या हातात देताना

२.३८ जास्त की कमी? तुलना फक्त स्निग्धांशावरच्या आकड्याशी आणि त्याच कंजेनरशी करा. बेरीज किती कंजेनरची आहे ते न पाहता दोन अभ्यास शेजारी ठेवणं हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. आणि २०९ रक्तात निम्मा व्हायला साधारण १५ दिवस लागतात, म्हणून त्याचा आकडा गेल्या काही आठवड्यांचा आहे; १५३ चा कित्येक वर्षांचा.

बाळाला किती पोचतं याचा अंदाज काढता येतो. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १५० ग्रॅम दूध धरलं तर २.३८ गुणिले ०.०३५ गुणिले १५०, म्हणजे सुमारे १२.५ नॅनोग्रॅम. अमेरिकी पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये बीडीई-४७ साठी ठरवलेली संदर्भमात्रा दर किलोमागे दिवसाला १०० नॅनोग्रॅम आहे. आपला आकडा तिच्या आठव्या हिश्शाइतका. ती मात्रा आयुष्यभराच्या रोजच्या सेवनासाठी आहे, स्तनपान काही महिन्यांचं. दोन्ही गोष्टी आईला सांगा. आणि हेही सांगा की दुधात काही सापडलं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पाजणं थांबवायला सांगितलेलं नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा तिचा सल्ला कायम आहे. आईला आकडा फोनवर कळवू नका, समोर बसून सांगा. प्रश्न दुसऱ्या दिवशी सुचतात, म्हणून कोणाला विचारायचं तेही लिहून द्या.

उरलेलं दूध

५० मिलीलिटरमधून १० किंवा २० लागतात. बाकीचं फेकू नका, संमतीत तशी तरतूद असेल तर साठवा. स्टॉकहोमच्या दुग्धपेढीतलं १९७२ पासूनचं दूध जपून ठेवलेलं होतं, म्हणूनच १९९० च्या दशकाअखेर स्वीडिश संशोधकांना मागे जाऊन मोजता आलं: १९७२ मध्ये ०.०७, १९९७ मध्ये ४.०२ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम स्निग्धांश, दर पाच वर्षांत जवळपास दुप्पट. ज्यांनी ते दूध गोठवलं त्यांच्या यादीत पीबीडीई नव्हतेच.

म्हणून १० ग्रॅमचे वेगवेगळे भाग करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सगळी बरणी वितळवावी लागणार नाही. बरणी काठोकाठ भरू नका, गोठताना फुटते. लेबल पेन्सिलने लिहा, शाई सॉल्व्हंटने जाते. त्यावर आईचं नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक, दूध घेतल्याची तारीख, प्रसूतीनंतरचा आठवडा आणि हाताने की पंपाने. त्याच फेरीतला फील्ड ब्लँकही शेजारीच गोठवा.